जुन्या गाडीचा फेरफार

जुनी वस्तू विकत घेणारा माणूस त्या वस्तूबरोबर तिचा भूतकाळही विकत घेत असतो. आमच्या वसईच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. वाडी घ्यायची झाली तर तो आधी विहिरीचे पाणी चाखतो, मग तलाठ्याकडून सातबारा काढतो आणि जाणता असेल तर सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार मागतो. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, कोणाचे नाव कधी चढले, कोणाचे कधी कमी झाले, कोणता बोजा कोणत्या साली लागला नि कधी उतरला, हे फेरफारात उलगडते. वाडी हिरवीगार दिसते म्हणून इसारा देऊन मोकळा होणाऱ्या माणसाला गावात भोळा म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुक फार नसते.

मोटारगाडीलाही असा फेरफार असू शकतो, हे मी इंग्लंडमध्ये पाहिले. २०२३ च्या उन्हाळ्यात मिडलंड्स भागातील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर गेले असता त्यांच्या जागी काही आठवडे सेवा करण्याचा योग आला. तेथे एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या निमित्ताने जे ध्यानात आले, ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवावेसे वाटते. आपली मुले आता जगभर विखुरली आहेत आणि जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री तर घरोघरी चालते.

त्या देशात तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. वाहतूक खात्याच्या जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एम.ओ.टी.’ म्हणतात. १९६० साली ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षे वा त्याहून जुन्या गाड्यांपुरती होती. ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. १९६१ मध्ये ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. आता टायर, सस्पेन्शन, सीटबेल्ट, धूर, गाडीचा सांगाडा असे पुष्कळ काही पाहिले जाते. तपासनीस गाडी रॅम्पवर चढवून खालून निरखतो आणि उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल देतो. शिवाय उत्तीर्ण गाडीलाही तो काही सूचना लिहून देऊ शकतो: अमुक टायर झिजत चालला आहे, तमुक ठिकाणी गंज धरू लागला आहे, लक्ष असू द्यावे. मे २०१८ पासून दोषांची प्रतवारीही ठरली आहे. धोकादायक आणि मोठा, हे दोष गाडीला अनुत्तीर्ण करतात. किरकोळ दोष आणि नुसती सूचना यांनी गाडी अडत नाही.

या निकालांची नोंद सरकारदरबारी राहते आणि इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील २००५ पासूनच्या नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. गाडीचा क्रमांक ठाऊक असला की पुरे. तपासणीची तारीख, निकाल, अनुत्तीर्ण होण्याची कारणे, दिलेल्या सूचना आणि त्या दिवशी मीटरवर दिसलेला आकडा हे सर्व ओळीने समोर येते. मीटर मागे फिरवण्याची लबाडी आपल्याकडे ठाऊक आहे, तशी तिकडेही आहे. परंतु गेल्या वर्षी ऐंशी हजार मैल दाखवणारा मीटर यंदा पंचावन्न हजार दाखवू लागला, तर ती नोंदच साक्ष देते.

आता त्या गाडीविषयी. आमच्या वसईकडचा एक तरुण तेथील रुग्णालयात परिचारक म्हणून काम करीत होता. रविवारी मिस्सानंतर मराठीत दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून तो माझ्याकडे थांबत असे. लहानपणी बंगलीच्या नाक्यावर पाहिलेल्या एका उघड्या, दोन आसनी गाडीने त्याच्या मनात घर केले होते. नवी गाडी त्याच्या आवाक्यात नव्हती. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे पैसे दर महिन्याला घरी पाठवून दोन वर्षांत त्याने जी बचत केली होती, ती जेमतेम एका जुन्या गाडीपुरती होती. आणि अशी एक गाडी त्याला सापडली होती: माझ्दा एमएक्स-५, २००१ सालची, तांबडी, छप्पर मागे दुमडणारी. किंमत २,२०० पौंड, म्हणजे आपल्या दोन लाखांहून अधिक रुपये.

ही गाडी स्पोर्ट्स कारच्या शौकिनांत प्रसिद्ध आहे. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. जपानमधील हिरोशिमा येथे ती तयार होते. एके काळी इंग्लंडमधील कारखाने अशा हलक्या, उघड्या दोन आसनी गाड्यांसाठी ओळखले जात. तो धागा जपानी कारागिरांनी उचलला आणि जगभर या गाडीचे चाहते झाले. पहिल्या पिढीतील गाडीचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर उघडत. दुसरी पिढी १९९८ पासून २००५ पर्यंत चालली. आमच्या तरुणाने पाहिलेली गाडी त्या पिढीची. माणूस चाळिशीत आला की डॉक्टर रक्तदाब आणि साखर पाहायला सांगतात, तसे या वयाच्या गाडीत पाहण्याचे एक ठरलेले दुखणे आहे, ते म्हणजे गंज. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. समुद्रकाठी राहणाऱ्या आपल्याला मीठ लोखंडाचे काय करते ते सांगायला नको. कापडी छपरावरून ओघळणारे पाणी आसनांमागच्या नळ्यांतून खाली जाते. पालापाचोळ्याने त्या नळ्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, मुरते. दुसऱ्या पिढीच्या गाडीत आणखी एक नाजूक जागा असते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे चासीचे पोकळ दांडे आतून सडतात. बाहेर फोड दिसू लागेपर्यंत आतला पत्रा खाऊन गेलेला असतो.

मी त्या तरुणाला विचारले, “तपासणीची जुनी नोंद पाहिलीस का?”

तो संकोचला. म्हणाला, “फादर, गाडी विकणारे काका आपल्याच चर्चमधले आहेत. गायनवृंदात गातात. मी नवीन आलो तेव्हा त्यांनीच मला घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या गाडीची अशी चौकशी करायची, म्हणजे तोंडावर त्यांना लबाड म्हणण्यासारखं नाही का?”

त्याचा प्रश्न मला मोलाचा वाटला. परक्या देशात ज्याने आपल्याला भाकरी दिली, त्याच्या शब्दावर शंका घेऊ नये, हा आपल्या घरांतला संस्कार आहे आणि तो जपण्याजोगा आहे. मी त्याला आमच्या कार्यालयातील एका जाडजूड वहीची आठवण करून दिली. लग्न ठरले की वधूवरांनी बाप्तिस्म्याचा दाखला आणायचा, आणि तोही सहा महिन्यांच्या आत काढलेला. लहानपणी मिळालेला, आईने ट्रंकेत जपून ठेवलेला दाखला चालत नाही. पुष्कळांना याचा राग येतो. “फादर, तुम्हीच मला बाप्तिस्मा दिलात, आणि माझ्याकडेच कागद मागता?” असे म्हणणारेही भेटतात. परंतु बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे मोकळी जागा असते. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, आजीवन व्रते हे सर्व त्या जागेत लिहिले जावे, असे कॅनन कायद्याचे ५३५ वे कलम सांगते. ताज्या दाखल्यावर त्या नोंदी उतरतात. त्यामुळे आज जो वर म्हणून उभा आहे, त्याचा विवाह पूर्वी कोठे झालेला नाही ना, हे कळते. यात त्या मुलाचा अपमान कसला? उलट, त्याचा शब्द खरा असल्याची ग्वाही ती वहीच देते. दाखला सर्वांकडे मागतात, म्हणून तो कोणा एकाविरुद्ध नसतो. गाडीच्या नोंदीचेही तसेच आहे. ती पाहणे हा अविश्वास मानला, तर उद्या चांगल्या माणसाकडून काही घेणेच अशक्य होऊन बसेल.

त्याच धर्मग्रामात एक मेकॅनिक होते. अधिकृत तपासनीस म्हणून त्यांनी कित्येक वर्षे गाड्यांना उत्तीर्ण-अनुत्तीर्ण केले होते. मिस्सानंतरच्या चहाच्या वेळी आम्ही त्यांच्यासमोर ती नोंद उघडली. ते जसे वाचत गेले ते पाहून मला सेमिनरीत आम्हाला पवित्र ग्रंथ वाचायला शिकवणाऱ्या गुरुजनांची आठवण झाली. ते सांगत, उताऱ्यात काय आहे ते पाहा, आणि जे असायला हवे होते पण नाही, तेही पाहा.

नोंद सर्वांत जुन्या तपासणीपासून वाचायची, हा त्यांचा पहिला नियम. प्रथम मैलांचा आकडा पाहायचा. तो दरवर्षी चढत गेला होता. पुढच्या काळात वर्षाला जेमतेम हजार मैल. हे ऐकून आमचा तरुण आनंदला, पण मेकॅनिक म्हणाले, “कमी चाललेली गाडी म्हणजे निरोगी गाडी नव्हे. उभी गाडीही गंजते.” दुसरे म्हणजे तारखांमधील खंड. २०१९ ची तपासणी मे महिन्यात झाली होती, पुढची थेट नोव्हेंबर २०२० मध्ये. मला ते संशयास्पद वाटले. त्यावर त्यांनी सांगितले की महामारीत ३० मार्च २०२० पासून सरकारनेच तपासणीला सहा महिन्यांची मुदत वाढवून दिली होती. मे महिन्यातील गाड्या त्या सवलतीत बसल्या. प्रत्येक खंडाच्या मागे पाप असतेच असे नाही, एवढे मी मनात टिपून ठेवले.

मग त्यांचे बोट सूचनांवर आले. २०१२: डाव्या सिलवर किंचित गंज. २०१३: तेच वाक्य. २०१४: गाडी अनुत्तीर्ण, सीटबेल्टच्या खिळीजवळचा पत्रा सडलेला. सीटबेल्ट, स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन अशा महत्त्वाच्या जोडांपासून तीस सेंटिमीटरच्या आत सांगाडा गंजाने कमजोर झाला असेल, तर तो मोठा दोष धरतात. तीन दिवसांनी वेल्डिंग होऊन गाडी उत्तीर्ण. २०१६: पुढच्या चासीच्या दोन्ही दांड्यांवर वरवरचा गंज. २०१७: तेच. २०१८: गाडीच्या खालच्या बाजूवर अंडरसीलचा जाड लेप. त्यानंतर २०१९, २०२०, २०२१, २०२२ या चारही तपासण्यांत एकही सूचना नाही. गाडी निष्कलंक.

तरुणाचा चेहरा खुलला. “म्हणजे आता दुरुस्त झाली आहे!” मेकॅनिकने चष्मा काढला आणि शांतपणे म्हटले, “किंवा झाकली आहे.”

मला जे सांगायचे आहे त्याचे मर्म या तीन शब्दांत आहे. नोंदीतून एखादी सूचना नाहीशी होते, तिची कारणे दोन असू शकतात. दोष काढला गेला, किंवा दोष दिसेनासा केला गेला. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. तपासनीसाला गाडीचे भाग उघडून पाहण्याची मुभा नाही. तो डोळ्यांनी पाहतो, हाताने दाबतो, लहानशा अवजाराने ठोकून पाहतो. डांबरासारखा काळा लेप फासलेल्या जागेखाली काय आहे, हे त्याला सांगता येत नाही. लेप स्वच्छ पत्र्यावर दिला तर तो संरक्षण करतो. सडलेल्या पत्र्यावर दिला तर त्याच्याआड ओल कोंडून राहते आणि गंज निवांतपणे आपले काम करीत राहतो. प्रभू येशूने चुना लावलेल्या कबरींचा दाखला का दिला असावा, याचा विचार करीत मी तो चहाचा प्याला तसाच हातात धरून बसलो होतो.

हे दोन प्रकार ओळखायचे कसे? मेकॅनिकचे उत्तर सोपे होते. दुरुस्ती झाली असेल तर तिचा माग राहतो. गॅरेजचे बिल असते, वेल्डिंगची छायाचित्रे असतात, निदान ज्याने काम केले त्याचे नाव तरी मालकाला आठवते. २०१४ च्या सिलसाठी असा माग नोंदीतच होता: अनुत्तीर्ण, आणि तीन दिवसांनी उत्तीर्ण. २०१७ च्या दांड्यांसाठी मात्र काहीच नव्हते. आणखीही एक गोष्ट त्यांनी बजावली. ही नोंद कितीही चांगली असली तरी ती त्या त्या दिवसापुरती असते, आणि इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अंतर्गत प्रकृती एम.ओ.टी.मध्ये तपासलीच जात नाही. जपानमध्ये आधी वापरून मग आणलेल्या गाड्या ‘युनॉस रोडस्टर’ या नावाने तिकडे पुष्कळ आढळतात. त्यांचा परदेशातील काळ या नोंदीत नसतोच. नोंद प्रश्न विचारायला शिकवते. उत्तरासाठी गाडीखाली जावे लागते, आणि मालकाजवळ बसावेही लागते.

त्याप्रमाणे आम्ही त्या गृहस्थांना विचारले. तरुणाला शब्द सुचेनात, म्हणून विषय मी काढला. त्यांना राग आला नाही. निवृत्तीनंतर, २०१९ साली त्यांनी ती गाडी घेतली होती. त्याआधीचे त्यांना काही ठाऊक नव्हते. “मी दरवर्षीचा निकाल पाहत आलो, सगळे स्वच्छ होते,” ते म्हणाले. मागची पाने त्यांनी उलटलीच नव्हती. गाडी रॅम्पवर चढवून पाहू द्यायला ते आनंदाने तयार झाले.

एका शनिवारी दुपारी गाडी वर गेली. मेकॅनिकने डाव्या दांड्यावरचा लेप थोडा खरवडला आणि पेचकसाचे टोक टेकवले. फारसा जोर न लावता ते आत गेले. तपकिरी पापुद्रे खाली पडले, जुन्या कौलांच्या घरात वाळवीची माती पडते तसे. उजवीकडेही तीच गत. समोरून आपटल्यास धक्का झेलणारा भाग हाच, असे मेकॅनिक सांगू लागले; दोन्ही दांडे नीट बसवायचे तर खर्च गाडीच्या किमतीला गाठेल. आमचा तरुण गप्प झाला होता. परंतु माझे लक्ष त्या वृद्ध गृहस्थांकडे गेले. ते फिकट पडले होते. थोड्या वेळाने हळू आवाजात एवढेच म्हणाले, “मी दर रविवारी माझ्या नातवाला या गाडीतून फिरवीत होतो.”

तरुणाला वाटत होते की नोंद पाहिली तर त्यांचा अपमान होईल. त्या नोंदीने त्या घरातील एका लेकराला धोक्यातून बाहेर काढले.

विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगितला पाहिजे काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीविषयीच्या ७७ व्या प्रश्नात, त्याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. त्यांची उदाहरणे बाजारातली आहेत: लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे, मोडकळीस आलेले घर भक्कम म्हणून विकणे, नासलेले अन्न चांगले म्हणून विकणे. त्यांचा निर्वाळा असा की ज्या छुप्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. उघड दिसणाऱ्या दोषाची गोष्ट वेगळी. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे सर्वांना दिसते. किंमत त्या मानाने उतरवली असेल तर तसे ओरडून सांगण्याचे बंधन नाही. आणि दोष विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर? तर त्याला पाप लागत नाही. परंतु तो कळताच घेणाऱ्याचे नुकसान भरून देणे त्याच्यावर बंधनकारक होते. साडेसातशे वर्षांपूर्वी घोड्यांविषयी लिहिलेले ते विवेचन सेमिनरीत मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या गॅरेजमध्ये, वंगणाच्या वासात, ते मला पुन्हा समजले.

कारण त्या क्षणी त्या गृहस्थांपुढे दोन वाटा होत्या. पेचकसाने पाडलेले भोक मूठभर लेपाने बुजले असते. एम.ओ.टी.ची मुदत नोव्हेंबरपर्यंत होती. नोंदीतली शेवटची चार वर्षे निष्कलंक होती. पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी तरुण आला असता, त्याच्याजवळ मेकॅनिक नसता आणि गाडी २,२०० पौंडांना गेली असती. काल ते अजाण होते. आज जाणते झाले होते. आणि ते कळल्याची नोंद जगातल्या कोणत्याही वहीत झालेली नव्हती, ती फक्त त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीत झाली होती. त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर नेली नाही. जुन्या भागांसाठी गाड्या घेणाऱ्या एका माणसाला, सर्व सांगून, अगदी थोड्या पैशांत त्यांनी ती दिली. त्यांचे निवृत्तिवेतन मोठे नव्हते. तो तोटा त्यांना जाणवला असणार. त्या रविवारी ते नेहमीप्रमाणे गायनवृंदात उभे होते, आणि मिस्सानंतर त्यांनी आमच्या तरुणाला पुन्हा जेवायला बोलावले.

आमच्या तरुणाने पुढल्या वसंतात दुसरी गाडी घेतली. फोनवर त्याने मला तिचा इतिहास सांगितला तेव्हा मला हसू आले. ती पहिलीपेक्षा दोन वर्षांनी जुनी, १९९९ ची; किंमत चारशे पौंडांनी अधिक; आणि तपासणीत तीनदा अनुत्तीर्ण झालेली! पूर्वीचा तो असता तर तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु त्याने प्रत्येक अपयशाच्या पुढची ओळ वाचली. २०११ मध्ये ब्रेक; दुसऱ्या दिवशी दुरुस्त. २०१५ मध्ये सिल. आठवड्याने वेल्डिंग, बिल उपलब्ध. २०१९ मध्ये चासीचा दांडा. नवा पत्रा बसवतानाची छायाचित्रे मालकाने फाइलमध्ये लावून ठेवलेली. एका वर्षी आलेली सूचना सहसा दुसऱ्या वर्षी दिसत नव्हती, आणि ती का दिसत नव्हती ते प्रत्येक वेळी कागदावर होते. “फादर,” तो म्हणाला, “ही गाडी पुष्कळदा नापास झाली, म्हणून मी घेतली.” विश्वास ठेवावा तो कशावर, हे त्याला समजले होते.

प्रायश्चित्त संस्कारासाठी इतकी वर्षे बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य विसरता येत नाही. आपण पुष्कळदा आपल्या आत्म्याची नोंद निष्कलंक दिसावी म्हणून झटतो. त्याच त्या सूचना वर्षानुवर्षे येत राहतात: कोणाशी धरलेला अबोला, कोणाचे बुडवलेले देणे, जिभेचा तिखटपणा. मग एखाद्या वर्षी त्या येईनाशा होतात. त्या का थांबल्या, हे ज्याचे त्याने तपासावे. पत्रा बदलला, की लेप दिला? मात्र एका बाबतीत गाडीचे आणि माणसाचे अंतर फार मोठे आहे. सरकारी नोंद काही विसरत नाही. २०१४ चे अपयश २०२३ मध्येही तसेच वाचता येते, आणि गाडीच्या बाबतीत ते योग्यच आहे. परमेश्वर मात्र मनापासून कबूल केलेले पाप पुन्हा वाचून दाखवीत नाही. त्याची क्षमा म्हणजे वरचा लेप नव्हे; तो आतला पत्रा बदलतो. म्हणूनच त्याच्यापुढे काही झाकण्याचे कारण उरत नाही.

शेवटी आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. दरम्यान पी.यू.सी.चा दाखला लागतो, पण तो धुरापुरता. नोंदणी, विमा, फिटनेसची मुदत यांची माहिती आता सरकारी नोंदीत सहज मिळते आणि ती पाहिल्याशिवाय कोणीही जुनी गाडी घेऊ नये. परंतु कोणत्या वर्षी कोठे गंज धरला, कोणी तो काढला आणि कोणी तो झाकला, ही वर्षावर्षाची कहाणी तेथे वाचायला मिळत नाही. आपल्या खाऱ्या वाऱ्यात तर ती अधिकच हवी होती. तेव्हा घेणाऱ्याने ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा, गाडी खालून पाहावी, बिले मागावीत, आणि हे करताना ओशाळू नये. विकणाऱ्यानेही ओशाळू नये. त्याने स्वतःच एक वही ठेवावी. कोणते काम कधी केले ते लिहावे, बिले टाचावीत, आणि जे काम राहून गेले तेही शेवटच्या पानावर लिहावे. गाडी विकताना ती वही किल्लीबरोबर समोरच्याच्या हाती द्यावी. त्या वहीमुळे किंमत हजार-दोन हजारांनी उतरेल. पण ज्याच्या हाती ती पडेल, तो आपल्या लेकरांना निर्धास्तपणे त्या गाडीत बसवील.